शास्त्रीय हस्तलिखित आणि परीक्षकांचे शेरे

इ. स. १९११ साली मद्रास (आजचे चेन्नई) येथून बंगलोरला एक हस्तलिखित टपालाने गेले आणि संपादकांच्या शेऱ्यांसह परत आले. लेखकाने ते दुरुस्त करून पुन्हा धाडले. ते पुन्हा परत आले. अशा तीन फेऱ्या झाल्यानंतर तो निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापला गेला. लेखक तेवीस वर्षांचा, महाविद्यालयीन परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला व बेकार असा तरुण होता. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. संपादक होते बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक एम. टी. नारायण अय्यंगार. निबंधाचा विषय ‘बर्नूलीच्या संख्यांचे काही गुणधर्म’ हा होता आणि रामानुजन यांचा छापला गेलेला हा पहिलाच निबंध होय.

ज्या परिषदेच्या नियतकालिकात हा निबंध आला तिच्याशी महाराष्ट्राचाही निकटचा संबंध होता. व्ही. रामस्वामी अय्यर या गणितप्रेमी सरकारी अधिकाऱ्याने १९०७ साली ती स्थापन केली आणि तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात, प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या छत्राखाली ठेवण्यात आले. सभासद देशभर विखुरलेले, ग्रंथालय पुण्यास, संपादक बंगलोरला आणि हा लेखक मद्रासला, अशी तिची रचना असल्यामुळे लेखक आणि परीक्षक यांची समोरासमोर गाठ क्वचितच पडे. जे काही सांगावयाचे ते समासात लिहून किंवा पत्राने कळवावे लागे. शास्त्रीय लेखनाच्या दुरुस्तीचा प्रश्न त्याच्या शुद्ध रूपात पाहावयाचा असेल तर असेच उदाहरण घ्यावे लागते.

निबंध परत का आला? रामानुजन यांची निष्कर्षांवर झेप घेण्याची रीत सामान्य वाचकाच्या आवाक्यापलीकडची होती. त्यांना कागद परवडत नसे. आकडेमोड पाटीवर करावयाची, ती कोपराने पुसावयाची आणि केवळ शेवटचे उत्तर वहीत उतरवावयाचे, ही त्यांची सवय होती. त्यामुळे उत्तर उरे आणि वाट पुसली जाई. पुढे १९१२ च्या मार्च महिन्यात मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांवर त्यांना कारकुनाची जागा मिळाली. तेथील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार व परिषदेचे कोषाध्यक्ष होते. रात्री दोघे पाट्या घेऊन बसत, आणि नारायण अय्यर त्यांना वारंवार बजावीत की, जे दोन पायऱ्यांत लिहिले आहे ते दहा पायऱ्यांत लिहा, नाहीतर जग ते समजून घेणार नाही. परीक्षकाच्या शेऱ्यांचे जे अनेक प्रकार असतात त्यांपैकी हा सर्वांत सामान्य आणि बहुधा सर्वांत उपयुक्त प्रकार आहे. ‘हे चूक आहे’ असे तो म्हणत नाही. ‘हे मला दिसत नाही’ एवढेच म्हणतो.

अशा शेऱ्याला लेखक सहसा रुसतो. जे त्याला सूर्यप्रकाशासारखे स्वच्छ वाटते ते दुसऱ्याला अंधारे का वाटावे, हे त्याला कळत नाही. परंतु न दिसणारी पायरी आणि नसलेली पायरी यांतील फरक बाहेरच्या माणसाखेरीज कोणालाच ओळखता येत नाही. याचे एक उदाहरण रामानुजन यांच्याच लेखनात सापडते. त्याच वर्षी त्यांनी नियतकालिकाच्या प्रश्नविभागात एक कोडे घातले होते. त्याचा क्रमांक २८९. एकात दोन मिळवावयाचे नसून, एकात दोनपट वर्गमूळ मिळवावयाचे. त्या वर्गमुळाच्या पोटात पुन्हा एक अधिक तीनपट वर्गमूळ. त्याच्या पोटात एक अधिक चौपट वर्गमूळ. आणि असेच अनंतापर्यंत. या सर्वांचे वर्गमूळ किती? कित्येक महिने कोणाचेच उत्तर आले नाही, तेव्हा प्रश्नकर्त्यानेच ते दिले: तीन.

त्याची युक्ती मोहक आहे. ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ. ९ म्हणजे १ + २ × ४. ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ. १६ म्हणजे १ + ३ × ५. ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ. २५ म्हणजे १ + ४ × ६. ही साखळी हवी तितकी लांबविता येते आणि कोड्यातील रचना जशीच्या तशी उभी राहते. आता चिकित्सक परीक्षक समासात काय लिहील? तो विचारील, ‘उत्तर चार का नाही?’ कारण ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ. १६ म्हणजे १ + २ × ७.५, ७.५ म्हणजे ५६.२५ चे वर्गमूळ; ५६.२५ म्हणजे १ अधिक तीनपट सुमारे १८.४२, आणि हीही साखळी अखंड चालविता येते. मग तीन खरे आणि चार खोटे कशावरून?

या एका प्रश्नाने सिद्धतेतील रिकामी जागा उघडी पडते. साखळीच्या टोकाशी जो शेष राहतो त्याच्याकडे पाहिल्याशिवाय उत्तर ठरत नाही. पहिल्या साखळीतील शेष ३, ४, ५, ६ असे सावकाश वाढतात. दुसरीतील ४, ७.५, १८.४, ८४ पुढे हजारांच्या घरात, असे भडकत जातात. शेष टाकून प्रत्यक्ष गणित केले तर १.७३, २.२४, २.५६, २.७६, २.८७ असे आकडे येतात व ते तीनकडे सरकतात. म्हणजे उत्तर बरोबर होते, परंतु ते बरोबर का, याचा एक दुवा लिहावयाचा राहिला होता. अशा वर्गमुळांच्या साखळ्या केव्हा अभिसारी होतात याचा नियम पुढे टी. विजयराघवन यांनी दिला. हेच विजयराघवन पुढे मद्रासच्या रामानुजन गणित संस्थेचे पहिले संचालक झाले.

आता बर्नूलीच्या निबंधाकडे वळू. याकोब बर्नूलीच्या १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ज्या संख्या आल्या, त्या चिन्हे सोडून लिहिल्या तर १/६, १/३०, १/४२, १/३०, ५/६६, ६९१/२७३०, ७/६, ३६१७/५१०, ४३८६७/७९८, १७४६११/३३० अशा आहेत. यांना सम क्रमांक दिले जातात: दुसरी, चौथी, सहावी, याप्रमाणे विसावीपर्यंत. प्रत्येक संख्येला तिच्या क्रमांकाने भागून अपूर्णांक संक्षिप्त केला तर वर १ तरी राहतो, नाहीतर मूळ संख्या राहते, असे रामानुजन यांनी त्या निबंधात विधान केले होते. ६९१ ही मूळ संख्या आहे, ३६१७ आहे, ४३८६७ देखील आहे. परंतु विसाव्या संख्येचा अंश १७४६११ हा २८३ × ६१७ इतका होतो, म्हणजे तो मूळ नाही. विधान चुकीचे आहे, आणि तीन फेऱ्यांनंतरही ते छापले गेले.

यात संपादकाला दोष देण्याचे कारण नाही. १७४६११ चे अवयव हाताने शोधावयाचे तर २८३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी एकेक करून भागून पाहावे लागते. तितका वेळ प्रत्येक विधानासाठी कोण देणार? लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. तिन्ही वेळा शेरे प्रामुख्याने मांडणीवर होते: अस्पष्टता, तुटकपणा, गाळलेल्या पायऱ्या. मांडणी सुधारत गेली तसतसे हस्तलिखित नीटनेटके दिसू लागले, आणि नीटनेटक्या लेखनावर वाचकाचा विश्वास बसतो. भाषेची दुरुस्ती आणि सत्याची तपासणी ही दोन भिन्न कामे आहेत. ती एकाच वाचनात, एकाच पेन्सिलीने करू गेल्यास पहिले काम दुसऱ्याला झाकून टाकते. अनुभवी संपादन-कचेऱ्यांतून म्हणूनच आकडे, सूत्रे व कोष्टके यांचे वाचन स्वतंत्रपणे आणि शक्य तर वेगळ्या माणसाकडून करविले जाते.

दुरुस्तीतूनच नवी चूक कशी शिरते हेही याच संख्यांवरून दाखविता येईल. जुन्या पुस्तकांतून बर्नूलीच्या संख्यांना १, २, ३ असे सलग क्रमांक देत. त्या रीतीने वरील १७४६११/३३० ही दहावी ठरते, विसावी नव्हे. समजा, निबंध एका रीतीने लिहिला आहे आणि परीक्षकाला दुसरी रीत पसंत आहे. त्याने तिसऱ्या पानावर क्रमांक बदलला, लेखकाने तो बदल मान्य केला, आणि नवव्या पानावरील क्रमांक तसाच राहिला. मग प्रत्येक पान एकटे पाहिले तर निर्दोष, आणि निबंध मात्र खोटा! चिन्ह, एकक, क्रमांक किंवा परिभाषेतील शब्द यांविषयीचा शेरा कधीही एका जागेपुरता नसतो. तो मान्य करावयाचा तर आरंभापासून अखेरपर्यंत, आकृत्या व कोष्टके यांसह; नाहीतर मुळीच मान्य करू नये.

परीक्षकाकडून मत घेण्याची प्रथा फार जुनी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक १६६५ साली निघाले. लेखी अहवाल मागविण्याची कल्पना मात्र विल्यम ह्यूएल याने १८३१ च्या सुमारास मांडली. पृथ्वी व शुक्र यांच्या गतींवरील जॉर्ज एअरीचा निबंध ह्यूएल व जॉन लबक या दोघांकडे संयुक्त अहवालासाठी देण्यात आला. ह्यूएलला निबंधाची थोरवी सांगावयाची होती, तर लबकला त्यातील गणिताच्या मांडणीत खोट काढावयाची होती. दोघांचे एकमत होईना. प्रारंभीच जी अडचण उद्भवली ती आजतागायत संपलेली नाही. दोन परीक्षक परस्परविरुद्ध सूचना करतात तेव्हा दोघांनाही थोडेथोडे खूश करणारा मजकूर लिहिणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. निर्णय एकाने घ्यावा, तो लेखक किंवा संपादक असावा, आणि ज्याची सूचना नाकारली त्याला कारण कळवावे.

नाकारण्यातही रीत आहे. १९३६ साली आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय तरंगांवरील निबंध अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठविला. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाला दाखवून त्याचे आक्षेप लेखकांकडे धाडले. आपल्या परवानगीवाचून हस्तलिखित तिऱ्हाइताला दाखविल्याचा आइन्स्टाइनना राग आला व त्यांनी निबंध काढून घेतला. तो दुसऱ्या नियतकालिकात १९३७ साली प्रसिद्ध झाला खरा, परंतु तोवर त्यातील निष्कर्ष बदललेला होता. असे तरंग असू शकत नाहीत, हे मूळचे म्हणणे आइन्स्टाइननी मागे घेतले होते. तो परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन हा होता, हे नियतकालिकाच्या जुन्या नोंदवह्यांवरून २००५ साली उजेडात आले. नोंदवही ठेवली होती म्हणूनच ते कळू शकले.

नोंद हा या सर्व व्यवहाराचा कणा आहे. जेथे अनेक माणसांनी मिळून एकच तांत्रिक लेख सिद्ध करावयाचा असतो तेथे तर तिच्यावाचून चालतच नाही. भारतात मानके तयार करण्याचे काम १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने हाती घेतले व १९८७ पासून ते भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. एखाद्या मानकाचा खर्डा तयार झाला की तो उद्योग, संशोधनसंस्था, सरकारी खाती व ग्राहक यांच्याकडे अभिप्रायार्थ फिरविला जातो. अभिप्राय मोघम चालत नाही. तो कोणत्या कलमाविषयी आहे, आक्षेप काय, त्या जागी कोणते शब्द असावेत आणि ते का, हे सर्व एका तक्त्यात निरनिराळ्या रकान्यांत भरून द्यावे लागते. समितीपुढे मग शंभर पत्रांचा ढीग नसतो, कलमवार लावलेली एक यादी असते. साध्या व सलोह काँक्रीटच्या मानकाचा क्रमांक ४५६. ते प्रथम १९५३ साली निघाले व १९५७, १९६४, १९७८ आणि २००० साली सुधारले गेले. क्रमांकापुढे साल लिहिण्याची जी शिस्त आहे तिचे मोल बांधकामावरील अभियंत्याला विचारावे: हातात असलेली प्रत कोणत्या सालची, यावर तुळईतील सळ्यांचे गणित अवलंबून असते.

लहान प्रमाणावर, एखाद्या शाळेच्या विज्ञान मंडळाने स्थानिक विहिरींच्या पाण्याचा अहवाल लिहिला तरी हीच रीत उपयोगी पडते. अहवालाची एकच मूळ प्रत असावी आणि ती एकाच्याच ताब्यात असावी. शेरे देणाऱ्यांना नकला द्याव्यात. त्यांवर तारीख व फेरीचा अंक घालावा. प्रत्येक शेऱ्यापुढे मान्य, फेरफार करून मान्य किंवा अमान्य असे लिहावे आणि शेवटच्या दोहोंत कारण द्यावे. शेरा मिळाला परंतु त्यावर काहीच लिहिले नाही, ही स्थिती राहू देऊ नये. दुसरी फेरी सुरू होण्यापूर्वी पहिली पुरी करावी. नाहीतर एकजण जुन्या प्रतीवर शेरे लिहीत बसतो आणि दुसरा नव्या प्रतीवर. हल्ली संगणकावर प्रत्येक खाडाखोड, ती करणाऱ्याचे नाव व वेळ आपोआप नोंदली जाते. सोय मोठी आहे, पण तिच्यात एक मोहही आहे. सर्व बदल एका कळीसरशी मान्य करता येतात, आणि मग ते कोणी वाचलेलेच नसतात.

छापखान्यातील जुन्या मुद्रितशोधकांची एक खूण येथे आठवते. खोडलेला शब्द पुन्हा ठेवावयाचा असेल तर त्याखाली टिंबे देत आणि समासात ‘तसेच ठेवा’ असे लिहीत. दुरुस्ती मागे घेण्यासाठी मुद्दाम वेगळी खूण असावी, यावरून तिची गरज किती वेळा पडत असेल याची कल्पना येते.

रामानुजन १७ मार्च १९१४ रोजी मद्रासहून इंग्लंडला निघाले. तेथे त्यांच्या लेखनाचे संस्करण केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांनी केले. आपण ही सर्व हस्तलिखिते बारकाईने तपासली, सुरुवातीची तर संपूर्ण नव्याने लिहून काढली, परंतु जेथे सहलेखक म्हणून नाव आहे किंवा ऋणनिर्देश आहे ती स्थळे सोडून निष्कर्षांत आपला काडीचाही वाटा नाही, असे हार्डींनी नमूद करून ठेवले आहे. रामानुजन हे कोणी केलेल्या अल्पशा साहाय्याचाही उल्लेख करण्याविषयी कमालीचे दक्ष होते, असेही ते सांगतात. संस्कारकाची सीमा याहून स्वच्छ शब्दांत क्वचितच कोणी आखली असेल.

प्रत्येक काटछाट मात्र विद्येच्या कारणासाठी होते असे नाही. १९१५ साली लंडन गणित परिषदेने रामानुजन यांचा ‘अतिसंयुक्त संख्या’ हा प्रदीर्घ निबंध छापला. आपल्याहून लहान असलेल्या कोणत्याही संख्येपेक्षा जिला अधिक विभाजक आहेत अशा १२, २४, ३६, ४८, ६० यांसारख्या संख्यांचा हा अभ्यास. महायुद्धाचा काळ होता व परिषद आर्थिक अडचणीत होती. खर्च वाचविण्यासाठी निबंधाचा उत्तरार्ध गाळण्यात आला. गाळलेला मजकूर केंब्रिजमध्ये जपून राहिला आणि टीपांसह १९९७ साली, म्हणजे ८२ वर्षांनी, छापून निघाला. तो कोणी फाडून टाकला असता तर त्याची उणीवही कोणाला जाणवली नसती.

मूळ प्रत जपण्याच्या या प्रश्नाने रामानुजन यांच्या वह्यांच्या बाबतीत निराळे वळण घेतले. मद्रासमध्ये पाटीवरून उतरलेले सारे निष्कर्ष त्या वह्यांत होते, बहुतेक सिद्धतेवाचून. जी. एन. वॉटसन व बी. एम. विल्सन या दोघा इंग्रज गणितज्ञांनी १९२९ च्या सुमारास त्यांचे संपादन आरंभिले. १९३५ साली विल्सन वारले, आणि वॉटसन यांचेही काम काही वर्षांनी थंडावले. संपादन पुरे होईपर्यंत थांबावे की आहे तसे छापावे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दुसरा मार्ग पत्करला. १९५७ साली तिने त्या वह्यांची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली, आणि त्यांत भाष्य घातले नाही की दुरुस्तीही केली नाही. पुढे १९७७ साली अमेरिकेतील ब्रूस बर्न्ट यांनी एकेका विधानाची सिद्धता शोधण्याचे काम अंगावर घेतले. १९८५ ते १९९८ या काळात त्यांचे पाच खंड निघाले, आणि त्यांत प्रत्येक मूळ विधान, त्याची सिद्धता व जेथे चूक आढळली तेथे ती चूक, अशी तिन्ही वेगवेगळी दाखविलेली आहेत. मूळ वह्या मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. मुंबईच्या छायाचित्रांतून लेखकाने स्वतः खोडलेल्या ओळीही वाचता येतात.